ओ वीस वॅट!

काल संध्याकाळी मी स्टेशन रोडनं भाजीची पिशवी घेऊन गुमान चाललो होतो तर रस्त्याच्या पलीकडून एक माणूस खच्चून ओरडला, "ओ वीस वॅट! वाजायलेत का?" चार लोकांनी वळून बघितलं. मी पण वळलो आणि तिथंच चुकलं, कारण वीस वॅट म्हणजे हाच गडी हे मग अख्ख्या रस्त्याला कळलं.

झालं असं की दोन महिन्यांपूर्वी भंगारवाल्याकडं जुन्या स्पीकरची जोडी दिसली. लाकडी डबे, पुढच्या कापडाला उंदरानं पाडलेलं भोक, कंपनीचा बिल्ला उखडलेला आणि मागं 'मेड इन वेस्ट जर्मनी'. वेस्ट जर्मनी नावाचा देशच १९९० ला संपला, म्हणजे माल कमीत कमी तेवढा तरी जुना. १४०० ला जोडी. चालू आहेत का विचारलं तर म्हणला, "एकदम चालू, घरी जाऊन लावा." वायरीला जो प्लग होता त्याची एक पिन चपटी अन् एक गोल, जुन्या जर्मन मालाला असायचा तसला, तो परभणीत कुठंच घुसत नाही, म्हणून हा गडी एवढा छातीठोक बोलत होता हे मला घरी आल्यावर कळलं.

घरी कापड काढून वूफरच्या (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) कडेला बोट लावलं तर फोमची रिंग काळा चिकट चुरा होऊन फरशीवर पडली. हा फोम पंधरा-वीस वर्षांत हवेतल्या दमटपणानं आपोआप कुजतो, वाजवा नाहीतर पेटीत घालून पूजा करा. रबराची रिंग टिकते, कापडाची तर अजून टिकते, पण माझ्या नशिबी फोम. नवीन रिंगा कुरिअर धरून ७५०. जुना गोंद थिनर लावून ब्लेडनं खरवडायला चार संध्याकाळी गेल्या आणि घरात असा वास सुटला की शेजारच्या वहिनींनी रंग काढायलाव का म्हणून विचारलं.

ट्वीटरच्या (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) आधी एक कपॅसिटर म्हणजे कंडेन्सर असतो, ४.७ मायक्रोफॅरडचा. तो आतून वाळलेला. तसला नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला, इथं कोण ठेवतंय? शेवटी सीलिंग फॅनचे अडीच-अडीचचे दोन कंडेन्सर आणून जोडीनं लावले, झाले पाच. पंख्याच्या कंडेन्सरला पण प्लस-मायनस नसतंच, चालतो मस्त. दोन्ही डब्यांत मिळून चार. म्हणजे आता माझ्या वेस्ट जर्मनीच्या पोटात चार पंखे सुरू होतील एवढे कंडेन्सर आहेत. मला स्वतःला ह्या गोष्टीचा लई अभिमान आहे पण अजून एकाही माणसानं विचारलेलं नाही.

एवढं करून डावा वूफर खर्र खर्र करायला लागला. आतली तारेची कॉइल मॅग्नेटला घासत होती. मग गेलो दुकानात. दुकान म्हणजे कूलरच्या मोटारी, मिक्सर, ऑटोतले स्पीकर आणि डीजेचे टॉप, सगळं एकाच टेबलावर. मास्तर हुशार माणूस. त्यानं मधली कागदी टोपी ब्लेडनं कापली, म्हणला, "एक्सरे आणा जुना." कॉइल अन् मॅग्नेटच्या मधी एक्सरेच्या पट्ट्या खोचायच्या, स्पीकरचा कागदी कोन बरोबर मधात बसवून रिंग चिकटवायची, वाळली की पट्ट्या काढायच्या. मी सासूबाईंच्या गुडघ्याचा एक्सरे नेला. २०१६ चा होता, कोण विचारणार? परवा त्यांनी विचारला. डॉक्टरला जुना अन् नवा शेजारी ठेवून बघायचा होता. त्या विषयावर घरात अजून बोलणी चालू आहेत म्हणून इथं जास्त लिहीत नाही.

तर मामा. दुकानाच्या बाकड्यावर एक मामा बसलेले, पांढरा पायजमा, गळ्यात तुळशीची माळ, भजनी मंडळाचा एम्प्लिफायर दुरुस्तीला आणलेला. हातावर तंबाखू मळत माझ्या स्पीकरकडं असं बघायलेत जसं बैल बाजारात दुसऱ्यानं घेतलेल्या बैलाकडं बघतात.

"किती वॅटचा हे?"

"वीस."

मळणं थांबलं. "वीस?"

"वीस."

"दोन्ही मिळून?"

"नाही, एकेक वीस."

"आमच्या गोठ्यात वीसचा बल्ब हे," मामा मास्तरला म्हणाले, माझ्याकडं न बघता. "अन् नातवाच्या होम थेटरवर पाच हजार लिव्हलंय."

आता इथं मी गप बसायला पाहिजे होतं. पण मला समजावून सांगायची खोड आहे. म्हणलं मामा, ते पीएमपीओ असतं, खोक्यावर छापायचे वॅट, भिंतीतून तेवढे ओढले तर एमसीबी पडंल. वॅट डबल केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, कानाला डबल वाटायला दहापट वॅट लागतात, घरातल्या खोलीला एक वॅटसुद्धा पुष्कळ होतो. मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. तंबाखू ओठाखाली सारली.

"म्हणजे वीसच ना."

तेवढ्यात मास्तरनं मल्टीमीटर लावून रोध बघितला, ३.४ आला. "हा चार ओमचा हे सर, एम्प्लिफायर बघून लावा, गरम होईल."

"चार ओम?" मामा दचकले. "आम्ही तर एकच म्हणतो, सुरुवातीला."

मास्तर हसून हसून खाली बसला. मामा गंभीर. मग त्यांनी डबा फिरवून मागचा शिक्का वाचून घेतला, जगात जर्मनी भारतात परभणी हे म्हणून झालं (परभणीत हे म्हटल्याशिवाय त्या देशाचं नाव घेता येत नाही), आणि मी पैसे मोजत असताना, "अन् हे मधात काय हे?" असं म्हणत नव्या चिकटवलेल्या टोपीवर अंगठा दाबला.

फच्च. टोपीला खड्डा.

मी काय बोललो ते आठवत नाही. मामा मात्र जराही गडबडले नाहीत. "थांबा की हो," म्हणले, खाली वाकले, आणि त्या टोपीला तोंड लावून जोरात ओढलं. बाळाच्या नाकातला शेंबूड ओढावा तसं. दुकानात चार माणसं, एक ऑटोवाला, सगळे बघायलेत, आणि माझ्या चौदाशे अधिक साडेसातशेच्या जर्मनीला एक भजनी माणूस तोंड लावून बसलेला. टक्‌ आवाज झाला. खड्डा निघाला. खरंच निघाला, सुरकुतीसुद्धा नाही.

पण टोपीवर तंबाखूची गोल तपकिरी रिंग. खालच्या ओठाकडं जरा गडद.

कागद पुसता येत नाही. मास्तर म्हणला बदलून देतो, ऑटोच्या स्पीकरची चमकीची टोपी आहे. नको म्हणलं. आता घरी उजवा स्पीकर कोरा आणि डाव्यावर ओठ. बायकोनं पहिल्या दिवशी शांतपणे विचारलं, "हे कोणाचे?"

आवाज गोड आहे हो, खरंच. पण ऐकायचा कधी? मागच्या आठवड्यात खिडकीखालून वरात गेली, डीजेच्या भिंतीनं भांड्यांची मांडणी थरथरली, रात्रीचे साडेअकरा. नियम २००० सालापासून आहेत, रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल अन् रात्री ४५. कोणी हूं का चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी माझे वीस वॅट लावले, तेही पावच, तर वरच्या काकांनी फरशीवर काठी आपटली. त्या वरातीत हेच काका फेटा बांधून पुढं होते. विचारायला गेलो तर म्हणे ते वर्षातून एकदा असतं. एकदा! गल्लीत घरं ४० आहेत.

तर काल, स्टेशन रोड. मामा ऑटो चुकवत रस्ता ओलांडून आले. "वाजायलेत" म्हणलं. "मग आमच्या सप्त्याला आणा की सर," म्हणाले, एकदम मनापासून. "मंडपाच्या मागं लेकरं झोपवतेत बाया, तिकडं लावू. उठायची नाहीत."

मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"अन् टोपी बसली ना नीट?"

"बसली, मामा."