दाजी, ती पाटी मराठीत नाही, नेपाळीत आहे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दाजींचा मेसेज. एरवी या वेळेला सिद्धेश्वराच्या तळ्याचा फोटो आणि शुभ सकाळ असतं. त्या दिवशी काळ्या लँड क्रूझरचा फोटो होता आणि खाली व्हॉइस नोट, "बघ बे, चार लाखाला हाय. आणूया की."

सोबतचा मजकूर तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. थोडक्यात असा: भूतानच्या लष्कराच्या लिलावातल्या २०१४ मॉडेलच्या गाड्या ४ लाखांत. भूतानशी आपला मुक्त व्यापार, त्यामुळे ड्युटी शून्य. पासपोर्ट लागत नाही, गाडी सरळ चालवत आणायची. ईशान्येकडच्या एखाद्या राज्यात पासिंग करून एनओसी घेतली की झाली एमएच-१३, म्हणजे आपल्या सोलापूरची. नेपाळची गाडीही अशीच आणता येते. बुकिंगला फक्त ५१ हजार टोकन. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "ही गोष्ट शोरूमवाले तुम्हाला कधीच सांगणार नाहीत."

मी आरटीओची कागदपत्रं करून पोट भरतो, सतरा वर्षं झाली. गाडीबद्दल काही विचारायचं तर घरातला माणूस दोन गल्ल्या सोडून राहतो. तरी दाजींनी विचारलं नाही, सांगितलं. अक्कलकोट रोडला त्यांचे आठ माग आहेत, टॉवेलचा बाजार सहा महिने थंड, उचललेल्या भिशीचे चार लाख कपाटात, आणि व्याह्यांच्या दारात नवी फॉर्च्युनर. एवढं जुळून आल्यावर माणूस कशावरही विश्वास ठेवतो. अक्काचा फोन आला, "यांना तू सांग, माझं ऐकत नाहीत." म्हणून लिहायला बसलो. त्याच आठवड्यात हाच मजकूर आणखी तिघांनी पाठवला, तेव्हा आता सगळ्यांनीच वाचा.

आधी फोटो. दाजी म्हणाले, "पाटी तर मराठीत हाय की, म्हणजे आपल्याकडं आलेली गाडी हाय." मी फोटो मोठा करून बघितला. लाल पाटी, पांढरी अक्षरं, आधी 'बा', मग आकडा, मग 'च'. ही नेपाळची पाटी. नेपाळीही देवनागरीतच लिहितात. बा म्हणजे बागमती, च म्हणजे कार-जीप, लाल रंग म्हणजे खाजगी. भूतानची जोंगखा भाषा देवनागरीत लिहीतच नाहीत आणि तिथल्या खाजगी गाडीच्या पाटीवर 'बीपी' असं इंग्रजीत असतं. थोडक्यात, भूतानच्या लष्कराची म्हणून दाखवलेली गाडी काठमांडूकडच्या कुठल्यातरी शेठची आहे आणि त्या बिचाऱ्याला आपली गाडी सोलापुरात चार लाखाला विकली जातेय याचा पत्ता नसेल.

नेपाळचा विषय आलाच आहे तर इथंच संपवतो. नेपाळात गाड्यांवरचे कर इतके जबर आहेत की आपल्याकडची साधी गाडीसुद्धा तिथं दुप्पट-तिप्पट किमतीला जाते. स्वस्त पडते म्हणून नेपाळची गाडी आणणं म्हणजे सोलापूरकरानं शेंगाचटणी मुंबईच्या मॉलमधून मागवणं. पुढं.

"भूतानशी मुक्त व्यापार, ड्युटी शून्य." यातला अर्धा भाग खरा आहे, तो मान्य करतो. भारत-भूतान मुक्त व्यापाराचा करार आहे. भूतानला जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं, हेही खरं. खोटं बोलणाऱ्याला एवढं खरं पुरतं. ती सवलत भूतानात तयार झालेल्या मालाला आहे. भूतानात लँड क्रूझर बनत नाही, ती जपानची. जपानचा माल भूतानात वापरून भारतात आणला म्हणून तो भूतानचा होत नाही. पानिपतची चादर आठ दिवस चाटी गल्लीत ठेवली म्हणून ती सोलापुरी होते का? हे दाजींना लगेच पटलं, कारण त्या चादरींनी त्यांचंच कंबरडं मोडलंय.

मग ड्युटी किती? परदेशातून आणलेल्या वापरलेल्या कारवर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून १३७.५ टक्के. त्या सगळ्यावर जीएसटी, मोठ्या गाडीला ४० टक्के. दाजींचीच किंमत घेऊ. गाडी ४ लाख, शुल्क साडेपाच लाख, झाले साडेनऊ. त्यावर ४० टक्के म्हणजे ३ लाख ८० हजार. एकूण १३ लाख ३० हजार, आणि अजून आपला रोड टॅक्स बाकी आहे.

पण हाही हिशेब दाजींवर दया दाखवून केलाय. कस्टम्सवाले तुमची चार लाखांची पावती बघून मान डोलावत नाहीत. जुन्या गाडीची किंमत ते नव्या गाडीच्या किमतीवरून काढतात. पहिल्या वर्षाचा १६ टक्के घसारा, दुसऱ्याचा १२, तिसऱ्याचा १०. म्हणजे नवी असताना ४० लाखांची गाडी तीन वर्षांनी त्यांच्या वहीत २४ लाख ८० हजारांची. त्यावर वरचे दोन्ही कर लावा, ५७ लाखांच्या वर जातात. चार लाखांची गाडी, सत्तावन्न लाखांचा कर. हे मी दाजींना कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातून घेतला, परत केलं, आणि चष्मा पुसला.

तीन वर्षांचंच गणित का केलं? कारण त्याहून जुनी गाडी येऊच शकत नाही. आणि "गाडी सरळ चालवत आणायची" हे ज्यानं लिहिलं, त्यानं तो नियम एकदा तरी वाचायला हवा होता. डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या आयात धोरणात ८७ वं प्रकरण वाहनांचं आहे. मला दुसरा कुठलाच आधार नको, हे एक प्रकरण पुरे. वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी. स्टिअरिंग उजवीकडे हवं (भूतानात असतं, हा एक मार्क दिला). स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा, पुढं निदान पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याच्या लायकीची हवी. जहाजावर चढवण्याआधी तपासणीचं प्रमाणपत्र हवं. आणि उतरवायची ती फक्त मुंबईच्या बंदरात.

परत वाचा. मुंबईच्या बंदरात. भूतानला समुद्र नाही.

म्हणजे कायद्यानं जायचं तर दाजींची गाडी भूतानच्या हद्दीवरच्या फुंटशोलिंगच्या गेटातून आपल्याकडच्या जयगावला उतरून सोलापूरकडं तोंड करणार नाही. ती आधी कोलकात्याला जाणार, तिथं जहाजात बसणार, चेन्नई ओलांडून श्रीलंकेला वळसा घालून, कोची-गोवा उजव्या हाताला ठेवत मुंबईला पोहोचणार. चार धाम करून आलेल्या माणसासारखं तिचं स्वागत करायला लागेल. उतरल्यावर परत चाचणी, ती पुण्याच्या एआरएआयला, नाहीतर नगरच्या व्हीआरडीईला, नाहीतर मध्य प्रदेशात बुधनीला. आणि एवढं सगळं केलं तरी २०१४ चं मॉडेल पहिल्याच अटीला बाद. बाकीचे मुद्दे मी उगाच लिहितोय, खरं तर विषय इथंच संपला.

पण लिहावं लागतं, कारण पुढचा मुद्दा माणसाला जेलपर्यंत नेणारा आहे. "दुसऱ्या राज्यात पासिंग करा, एनओसी घ्या, एमएच-१३ करा."

विजापूर इथून शंभर किलोमीटर. तिथली केए-२८ गाडी एमएच-१३ करायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, पोलिसांकडची खातरजमा होते, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवावा लागतो, इथला टॅक्स भरून तिकडचा परत मागायला चपला झिजतात. देशातल्या देशात, एका तासा-दीड तासाच्या रस्त्यावर ही कथा. आणि दुसऱ्या देशाची गाडी गुपचूप पासिंग होते म्हणे. होते, पण कशी? खोट्या कागदांवर.

२०२५ च्या सप्टेंबरात केरळात हेच निघालं. कोचीच्या कस्टम्सनं एकाच दिवशी राज्यभर छापे घातले. मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन नुमखोर. नुमखोर म्हणजे जोंगखात गाडी. पहिल्या दिवशी ३६ गाड्या उचलल्या, मल्याळम सिनेमातल्या बड्या नटांच्या घरापर्यंत अधिकारी गेले. भूतानातून आणलेल्या गाड्या, लष्कराच्या आणि वकिलातींच्या नावाचे बनावट कागद लावून दुसऱ्या राज्यांत नोंदवलेल्या, असं कस्टम्सचं म्हणणं. या फॉरवर्डमधल्या लष्करी लिलावाच्या गोष्टीचं मूळ याच बातम्यांत आहे. म्हणजे ज्या बातमीवरून माणसानं सावध व्हायचं, तीच उलटी करून जाहिरात केलीय. याला डोकं लागतं, मानलं.

"पण मी कुठं चोरी केली, मी तर पैसे देऊन घेतली," असं दाजी म्हणाले. सगळेच म्हणतात. १९६२ चा कस्टम्स कायदा गाडी कुणी आणली एवढंच बघत नाही. चोरट्या मार्गानं आलेला माल कलम १११ खाली जप्तीला पात्र, मग तो आज कुणाच्याही दारात उभा असो. आणि जाणूनबुजून यात हात घातला असं दिसलं तर कलम १३५ मध्ये सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. फॉरवर्डच सांगतंय की आधी तिकडं पासिंग करायचं, मग इकडं. हे वाचून गाडी घेतलेला माणूस 'मला माहीत नव्हतं' कुठल्या तोंडानं म्हणणार?

एक गोष्ट सांगतो. ही परदेशातली गाडी नव्हती, पण जात तीच. चारेक वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आलं, लांबच्या राज्याचं पासिंग असलेली पांढरी एसयूव्ही घेऊन. निम्म्या किमतीला मिळालेली, आरसी बुक चकचकीत, एनओसीवर शिक्का. मी नेहमीप्रमाणं बॉनेट उघडलं, चॅसिस नंबरवर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. आम्ही असा ठसा घेतो, कागदावर आकडे उमटतात. पहिले बारा-तेरा नीट उमटले. शेवटच्या चारांपाशी पेन्सिल सटकायला लागली. बोट फिरवलं तर पत्रा तिथं खोलगट, घासून गुळगुळीत केलेला, आणि आकडे बाकीच्यांपेक्षा केसभर वर चढलेले. मी पेन्सिल खिशात घातली आणि त्यांना म्हणालो, दादा, हे काम माझ्याच्यानं होणार नाही. त्यांनी दुसरा माणूस गाठला. ती गाडी पुढं एका पोलीस ठाण्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली मी दोन उन्हाळे बघितली. चारी टायर बसलेले, काचेवर लिंबोळ्यांचा चिकटा, आणि वायपरखाली कुणीतरी खोचलेली गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्याची जाहिरात. त्या माणसाचा हप्ता मात्र चालू होता.

इन्शुरन्सचं एका ओळीत सांगतो. आरसी खोटी निघाली तर पॉलिसी म्हणजे रद्दी. होटगी रोडला कुणाला धडक बसली तर भरपाई खिशातून.

हो, भूतानच्या पाटीच्या गाड्या सिलिगुडीकडं रस्त्यावर दिसतात. दाजींचा एक मित्र तिकडं टॉवेल घेऊन जातो, त्यानं बघितल्यात. त्या भूतानी लोकांच्या असतात, कामाला येतात, परत जातात. आपण विजापूरला जेवायला गेलो म्हणून आपली गाडी कर्नाटकची होत नाही.

राहिलं टोकन. सगळा खटाटोप या ५१ हजारांसाठी आहे. लँड क्रूझर कुणालाच विकायची नाहीये, विकायचंय ते टोकन. शंभर जणांना मेसेज गेला आणि दोघांनी पैसे टाकले तरी त्यांचं भागतं. मी दाजींना सरळ विचारलं, पाठवले का? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पाच हजार. नाव लिहून ठेवायला म्हणाला तो." अक्का स्वयंपाकघरात होती, भाकरी थापायचा आवाज बंद झाला.

लगेच १९३० ला फोन लावायला लावला. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर लावाल तितकी पैसे वाटेत अडकवता येण्याची आशा जास्त. तक्रारीचा नंबर मिळाला, तो अक्कानं कॅलेंडरवर लिहून ठेवला.

मग दाजींच्याच फोनवरून टोकन मागणाऱ्या त्या माणसाला मी मेसेज केला, दाजींच्या भाषेत: "साहेब, बाकीचे पैसे तयार हायत. आधीच्या एका गाडीची बिल ऑफ एंट्री तेवढी दाखवा." परदेशातून रीतसर आलेल्या प्रत्येक गाडीचा हा कस्टम्सचा कागद असतो, त्याशिवाय आरटीओत पहिलं पासिंगच होत नाही. दोन निळ्या टिका आल्या. मग 'टाइप करत आहे'. मग नाही. मग परत 'टाइप करत आहे'. शेवटी उत्तर आलं, "सर वो डिलिव्हरी के बाद मिलता है," आणि हात जोडल्याचं चिन्ह. चहा संपेपर्यंत त्याच्या नावापुढचा लँड क्रूझरचा फोटो गेला आणि तिथं नुसता करडा गोल राहिला.