आमचा तलाव कोणी पुसला?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावचा तलाव नकाशावरून नाहीसा झाला. प्रत्यक्षात पाळ, सांडवा, पाळीवरचा मारुती, सगळे जिथल्या तिथे होते. तलाव गेला तो ओपनस्ट्रीटमॅपवरून, म्हणजे स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या आणि खाते उघडून कोणालाही दुरुस्त करता येणाऱ्या खुल्या नकाशावरून. शेजारच्या काकांना मी मोठ्या हौसेने मोबाइलवर गाव दाखवायला गेलो, तर त्यांनी डोळे बारीक करून विचारले, "काऊन जी, तलाव कुठी गेला आपला?"

आमच्या भंडारा जिल्ह्यातले हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव शासनाकडे आले आणि नावामागे 'माजी' लागले. त्यातले उथळ तलाव वैशाखात आटतात आणि उघड्या पडलेल्या तळात लोक गाळपेर करतात. नकाशाच्या जुन्या आवृत्त्या उघडून पाहिल्यावर उलगडा झाला. दूरच्या कोणा स्वयंसेवकाने उन्हाळ्यातले उपग्रहचित्र पाहून तलावाच्या जागी शेत आखले होते. त्याला चित्रात जे दिसले ते खोटे नव्हते, फक्त ते चारच महिन्यांचे खरे होते.

राग आला, हे कबूल करतो. जुनी आवृत्ती परत आणून मोकळे व्हावे, असेच पहिल्यांदा मनात आले, आणि त्याला पाच मिनिटेही लागली नसती. पण या नकाशात प्रत्येक बदलांच्या गठ्ठ्याला, ज्याला चेंजसेट म्हणतात, स्वतःचा क्रमांक असतो आणि त्याच्याखाली कोणालाही टिप्पणी लिहिता येते, जी ईमेलने थेट बदल करणाऱ्यापर्यंत पोहोचते. तिथे मी गाळपेर म्हणजे काय ते समजावून लिहिले. दोन दिवसांनी उत्तर आले. त्याने चूक मान्य केली, पाणी साधारण कोणत्या महिन्यांत असते ते विचारले आणि पुढे लिहिले की, याच तालुक्यात आपण आणखी काही बोड्या, म्हणजे लहान तळी, अशाच पुसल्या आहेत, त्याही तपासून द्याल का? मी मुकाट्याने तलाव परत ठेवला असता तर तलाव वाचला असता, पण बोड्या गेल्याचे मला कळलेही नसते. आता तलाव पाणी म्हणूनच नोंदवला आहे आणि सोबत 'इंटरमिटंट', म्हणजे वर्षभर न टिकणारे पाणी, अशी खूण आहे.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, नकाशावरची चर्चा त्या बदलालाच चिकटलेली असली पाहिजे. आमच्या भागातल्या नकाशा करणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. तिथे उत्तर झटपट मिळते, आपुलकी असते, कोणाच्या मुलाच्या लग्नाची पत्रिकाही मिळते, आणि नवा माणूस टिकतो तो या आपुलकीमुळेच. परंतु निर्णय तिथे घेऊन तिथेच सोडून द्यायची आमची सवय घातक आहे. काळ्या मातीतून जाणारी एक पांदण साध्या रस्त्यासारखी दाखवायची की शेतवाट म्हणून, यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि शेतवाट ठरवली, कारण पावसाळ्यात तिथे बैलगाडीही रुतते. काही महिन्यांनी एका नव्या मुलाने तिचा पुन्हा रस्ता केला. "हे आधीच ठरले आहे," असे आम्ही त्याला सांगितले, तेव्हा त्याने सरळ विचारले, "कुठे ठरले, दाखवा ना." कोणालाही दाखवता आले नाही. चूक त्या मुलाची नव्हतीच.

दुसरी गोष्ट भाषेची. चेंजसेटखाली मराठीत लिहायला कोणाची बंदी नाही, तरी तिथे गेलो की आम्ही साहेबासमोर उभे राहिल्यासारखे मोडके इंग्रजी लिहू लागतो, आणि गाळपेर, बोडी, पांदण हे शब्द नेमके तिथेच गळतात. मी आता मराठीतच लिहितो. समोरच्याला गरज वाटली तर तो यंत्राकडून भाषांतर करून घेतो, आणि एखादा शब्द यंत्राला कळला नाही तर तो विचारतो. धरणाचे नाव गोसेखुर्द की गोसीखुर्द, हा आमच्याकडचा जुना वादही अशाच मराठी टिप्पण्यांत मिटला. एक नाव मुख्य, दुसरे पर्यायी म्हणून नोंदवले, दोन्ही शोधता येतात.

दूरवरून नकाशा काढणाऱ्यांना नावे ठेवायचा माझा हेतू नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या अशाच लोकांनी उपग्रहचित्रे पाहून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत नकाशावर आणले आणि मदत पथकांनी ते वापरले. आपल्याकडेही घरांच्या आणि शेतांच्या कितीतरी रेषा त्यांनीच काढल्या आहेत. त्यांना वरून पाळ दिसते, पण पाणी कधी असते ते आपणच सांगायला हवे, आणि त्यांना सापडेल अशा ठिकाणी सांगायला हवे.

पांदणीचा वाद मात्र मिटलेला नाही. त्या मुलाचे म्हणणे आहे की पुढच्या अर्ध्या भागावर आता मुरूम पडला आहे. या पोळ्याच्या सुमारास, चिखल असतानाच, दोघांनी मोटारसायकल घेऊन जायचे ठरले आहे. गाडी जिथे रुतेल तिथे रेषा तोडू आणि कारण त्याच चेंजसेटखाली लिहू.