घरून सहकार्य अपेक्षित

नातवाच्या नर्सरीत तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा खेळण्यातल्या नंद्यांचा पोळा, झाला आणि डायरीत लाल शाईची ओळ आली: 'घरून अधिक सहकार्य अपेक्षित.' बालवाडीच्या ताईंना शिकवण्यात माझी २१ वर्षं गेली. असो. नाही, असो कसलं?

आदल्या रात्री ९.४० ला ग्रुपवर हुकूम आला होता: 'पालक-बालक उपक्रम, टाकाऊतून नंदी, उद्याच.' साडेतीन वर्षांच्या पोरानं जो केला, तो मी नेला. टूथपेस्टचा खोका, बुचांची चाकं, दोन्ही शिंगं एकाच बाजूला.

फाटकाशी एक आजोबा उभे. एका हातात नातू, दुसऱ्यात अडीच फुटी नंदी. जपून धरलेला नंदीच. पाठीवर मखमली झूल, डोळ्यांत लाल दिवे.

"टाकाऊतून केला का जी?"

"हव. जुन्या पलंगाचं सागवान टाकाऊच झालं न बाप्पा."

"नातवानं काय केलं यात?"

"तो झोपला होता. सुतार अकराले आला. अन् ओल्या रंगाले पोट्ट्याले हात लावू देता का कोणी?" मग माझ्या खोक्याकडे पाहून, दुखवट्याला आल्यासारखे, "काहून जी ताई, घरी कोणी पुरुषमाणूस नाही का?"

पहिला नंबर त्या पलंगाचा आला.

आता शिंगांचं सांगते. पोराला गोंदाची बाटलीच दिली की तो थापतो आणि चिकटवलेलं घसरतं. झाकणात थेंबभर काढून द्यायला हवा होता, ती चूक माझी. पण घसरलेली शिंगं पाहून तो म्हणाला, "नंदी तिकडे पाहून राहिला म्हणून." साडेतीन वर्षांच्या पोराचं कारणासकट वाक्य! ते कोणी विचारलंच नाही.

झूल त्यानं कागद फाडून केली. कात्रीनं नाही, बोटांनी. पुढे पेन्सिल धरणारी तीन बोटं त्यातच तयार होतात, नाहीतर खेळायच्या कणकेत. १ वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल, अर्धी वाटी पाणी, तेही थोडं थोडं. एकदम ओतलं की लगदा होतो, पोरगं हात झटकतं, आणि आई म्हणते, 'याला आवडतच नाही.' मिठात कंजूषी केली तर श्रावणाच्या दमटीत लवकरच बुरशी.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी डहाणूजवळच्या बोर्डीकडे बालवाडी पोरांच्या अंगणात नेली. दगड, बिया, पानं हेच साहित्य. २०२२ चा पायाभूत स्तराचा, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या पोरांसाठीचा, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही खेळातूनच शिकवा म्हणतो. आम्ही मात्र रात्री दहाला कार्डशीटसाठी नागपुरात धरमपेठेत दुकानांची शटर वाजवतो.

ताईंनी सुटताना एवढंच सांगावं: 'आज यानं बिया मोजल्या.' मग घरी शेंगा सोलताना आई विचारेल, 'या शेंगेत किती दाणे?' नुसतं 'आज काय केलं?' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'काई नाई.' दोन मिनिटांचं काम. त्याऐवजी ग्रुपवर ४३ 'नोटेड मॅम'. यंदा इडापिडा नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यामागे 'घेऊन जा गे मारबत' ओरडताना तो ग्रुपही तिच्या पदरात घालणार आहे.

शेऱ्याखाली पालकांची सही हवी होती. डायरी नातवाला दिली. त्यानं जाड्या खडूनं नंदी काढलाय. शिंगं परत एकाच बाजूला.