बेळगावला आयएसएल संघ ‘मंजूर’ म्हणे! केला कुणी?

हा मेसेज कॅम्पातून निघाला की अनगोळातून, देव जाणे. तालमीचे, भावकीचे, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे असे सगळे ग्रुप फिरून तो शेवटी आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन पडला. खाली काकांचा प्रश्न: ‘पोराचं नाव घालून टाकायचं काय?’ म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेजात आहे ते थोडक्यात असं. इंडियन सुपर लीगने, म्हणजे आयएसएल या देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगने, बेळगावला संघ मंजूर केलाय, आता फक्त एक लाख पाठीराख्यांच्या सह्या पाहिजेत. ऑटोनगरचं स्टेडियम तयारच आहे, कोल्हापूर-बेळगाव-गोवा पट्ट्यात गर्दीही आहे. ४९९ रुपये भरणारा प्रत्येक जण ‘संस्थापक भागधारक’ होणार. १२ ते १८ वयाच्या मुलांच्या निवड चाचण्या पुढच्या महिन्यात. फी २,५०० रुपये, सोबत आधार आणि जन्मदाखला. आणि शेवटी, बेळगाव मराठी म्हणून आजवर डावललं, आता तरी एक व्हा. खाली संस्थेचं नाव नाही, पत्ता नाही. एक मोबाइल नंबर आणि एक क्यूआर कोड.

आधी चाचण्यांचं बोलू, कारण त्यात पोरं अडकणार आहेत.

जो संघ अजून कुठल्याही लीगमध्ये नाही, तो खेळाडू कशासाठी निवडणार? वयोगटाच्या संघांसाठी मुलं घेणारा क्लब आधी स्वतः नोंदलेला असतो, त्याच्याकडे परवानाधारक प्रशिक्षक असतात, आणि चाचणीची जाहिरात त्याच्या अधिकृत पानावर जन्मवर्षासह येते. ‘१२ ते १८’ असा एक गट फुटबॉलमध्ये नसतो. दोन-दोन वर्षांच्या फरकाने वेगळे गट असतात. बारा वर्षांचं पोर अठराच्या पोरासमोर उभं करून कुणाची काय पारख होणार आहे?

आता हिशेब करा. समजा तीनशे मुलं आली. एका वेळी बावीस खेळवली तर चौदा तुकड्या. प्रत्येकीला वीस मिनिटं दिली तरी साडेचार तासांच्या वर खेळ, आणि नावं पुकारण्यात, जर्सी बदलण्यात आणखी तासभर. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायात चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. म्हणजे वीस मिनिटांत अर्धं मिनिट. जमा होणारी रक्कम मात्र साडेसात लाख. खरी निवड करणारे मुलांना दोन-तीन दिवस ठेवतात. चार विरुद्ध चार, सहा विरुद्ध सहा असं लहान मैदानावर खेळवतात, म्हणजे चेंडूला पाय जास्त लागतो. जागा बदलून बघतात, पडल्यावर पोर किती लवकर उठतं तेही बघतात.

असल्या चाचण्यांचा पुढचा अंक ठरलेला असतो. आठवड्याभरात ‘निवड झाली’ असं पत्र येतं, बहुतेकांना येतं, आणि त्यात हॉस्टेलची अनामत, किटचे पैसे, ‘नोंदणी शुल्क’. इथे आईबाप फसतात, कारण पोर तोवर गल्लीभर सांगून बसलेलं असतं.

पैशापेक्षा कागदांची भीती मोठी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची, म्हणजे एआयएफएफची, खेळाडूंसाठी सीआरएस नावाची केंद्रीय ऑनलाइन नोंदणी आहे. तिथे नोंद क्लब करतो, जन्मदाखला आणि ओळखपत्र लावून. पोरगं एकदा एका क्लबच्या नावावर चढलं की दुसऱ्या क्लबकडून अधिकृत स्पर्धा खेळायला बदली घ्यावी लागते, आणि फिफाच्या नियमाने एका मोसमात नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांत, प्रत्यक्ष अधिकृत सामने दोनच क्लबांकडून. अनोळखी नंबरवर आधार आणि जन्मदाखला पाठवला, तर त्यांचा पुढे कुठे आणि कसा वापर झाला हे तुम्हाला कधी कळायचं? जिल्हा लीगच्या आदल्या दिवशी? पोर आधीच कुठल्या क्लबकडून खेळत असेल तर त्या क्लबच्या सेक्रेटरीला सीआरएस उघडून नोंद दाखवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी लाजून गप्प बसू नये. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, ज्या नावावर पैसे गेले त्या नावाचा स्क्रीनशॉट आणि मूळ मेसेज जपून ठेवा. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. दोन दिवस ‘बघू की’ म्हणत घालवले तर पैसे चार खाती पुढे गेलेले असतात.

आता ‘मंजूर’.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने भारताच्या लीगसाठी एक आराखडा मान्य केला. त्यात सरळ आहे: २०२२-२३ च्या मोसमापासून आय-लीग, म्हणजे आयएसएलच्या एक पायरी खालची राष्ट्रीय लीग, जिंकणाऱ्या क्लबला, परवान्याच्या अटी पुऱ्या केल्या तर, प्रवेश शुल्काशिवाय आयएसएलमध्ये घ्यायचं. तसंच झालं. २०२३ मध्ये पंजाब आला, २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग. दोघेही आय-लीग जिंकून. २०२५ मध्ये तर आय-लीगचं विजेतेपद कुणाचं, इंटर काशीचं की चर्चिल ब्रदर्सचं, हा वाद स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलैमध्ये निकाल काशीच्या बाजूने लागला. एका जागेसाठी लोक लवादापर्यंत जातात, आणि आपल्याला ती फॉरवर्डमधून मिळाली!

खालून वर यायचा जिना असा: राज्य लीग, मग आय-लीग ३, आय-लीग २, आय-लीग (२०२६ मध्ये तिचं नाव इंडियन फुटबॉल लीग झालं), मग आयएसएल. बेळगावचा कुठलाही क्लब आज या जिन्याच्या वरच्या चार पायऱ्यांवर नाही. एकेका मोसमात एकेक पायरी चढली, एकदाही पाय घसरला नाही, तरी चार-पाच वर्षं कुठे गेली नाहीत.

पूर्वी दुसरं दार होतं, निविदेचं. २०१७ मध्ये नव्या संघांसाठी बोली मागवल्या तेव्हा दहा शहरांची यादी होती: अहमदाबाद, बेंगळुरू, कटक, दुर्गापूर, हैदराबाद, जमशेदपूर, कोलकाता, रांची, सिलिगुडी, तिरुवनंतपुरम. बेळगाव त्यात नव्हतं. संघ मिळाले दोघांना, बेंगळुरूला जेएसडब्ल्यू या पोलाद समूहामुळे आणि जमशेदपूरला टाटा स्टीलमुळे. सह्या कुणी मोजल्या नाहीत, पोलाद मोजलं. एक लाख सह्यांच्या मुद्द्याला एवढं उत्तर पुरे. परवान्याच्या अटींचे पाच भाग असतात: क्रीडाविषयक, पायाभूत सोयी, मनुष्यबळ, कायदेशीर आणि आर्थिक. पाठीराख्यांच्या सह्यांचा रकाना त्यात कुठेच नाही.

शिवाय वेळ बघा. लीग चालवणाऱ्या कंपनीचा एआयएफएफशी असलेला पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपला. त्या आधीच २०२५-२६ चा मोसम वेळेवर सुरू होऊ शकला नव्हता, खुद्द बेंगळुरू एफसीने काही काळ पगार थांबवले होते, आणि नव्या व्यावसायिक हक्कांची निविदा काढली तर एकही बोली आली नाही. लीगला स्वतःचा मोसम वेळेवर सुरू करता आला नाही, ती या काळात नवा संघ कुठे मंजूर करत बसली होती?

ऑटोनगरच्या स्टेडियमचं वाचून मात्र हसू आवरेना. ते कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेचं मैदान आहे. रणजीचे सामने होतात, २०१९ मध्ये भारत अ आणि श्रीलंका अ संघ तिथे खेळले. क्रिकेटसाठी मैदान चांगलंच आहे, आणि नेमकी अडचण तीच.

फुटबॉलचं १०५ बाय ६८ मीटरचं मैदान क्रिकेटच्या गोलात मापाने बसतं. पण बरोबर मधोमध येतो तो खेळपट्ट्यांचा चौक. एक पट्टी २०.१२ मीटर लांब, ३.०५ मीटर रुंद. अशा सहा-सात शेजारी शेजारी, म्हणजे वीस मीटर बाय वीस मीटरचा चिकणमातीचा तुकडा, वर्षानुवर्षं जड रोलरने दाबलेला. फुटबॉलचं मधलं वर्तुळ, सामन्यातली निम्मी झटापट, सगळं त्याच्यावर. बुटाचे स्टड तिथे रुतत नाहीत, पाय सटकतो, गुडघा वळतो. भोवतीच्या हिरवळीवर चेंडू एका गतीने जातो आणि चौकात शिरला की उसळून कमरेपर्यंत येतो. घसरून टॅकल करणाऱ्याची मांडी सोलून निघते. वर तयार हिरवळीचे गालिचे अंथरावेत म्हटलं, तर खालच्या दगडासारख्या मातीत मुळं धरत नाहीत आणि वळताना अख्खा तुकडा पायाखालून सरकतो. चौक उखडून वाळूमिश्रित थर घातला तर फुटबॉल होईल, पण मग रणजीच्या पट्ट्या पुन्हा बसायला काही महिने लागतील. रणजी ऑक्टोबर ते मार्च, आयएसएलही एरवी त्याच दिवसांत. क्रिकेट संघटना कशाला हो म्हणेल?

उदाहरण आहे एक. मुंबई सिटी सुरुवातीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला, तेही क्रिकेटचंच. पण कोचीचंही आठवा. २०१८ मध्ये तिथल्या स्टेडियमची हिरवळ खोदून एकदिवसीय सामना भरवायचं ठरलं, फुटबॉलवाले खवळले, आणि सामना तिरुवनंतपुरमला हलवावा लागला. दोन खेळ एका मातीवर नांदत नाहीत हे केरळला कळलंय.

४९९ रुपयांच्या ‘भागधारकां’विषयी दोनच ओळी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ खाली माहितीपत्रक न काढता खाजगीरीत्या भाग द्यायचे, तर वर्षाला दोनशे लोकांची मर्यादा आहे. क्यूआर कोडवर एक लाख भागधारक म्हणजे काय ते समजून घ्या. आणि पूर्ण लाखभर लोकांनी पैसे भरले असं धरलं तरी होतात ४ कोटी ९९ लाख. काही मोसमांपूर्वी आयएसएलची नुसती खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादा साडेसोळा कोटी होती. प्रवास, मैदान, युवा संघ त्याच्या बाहेर.

पैशांचा विषय निघालाच आहे तर ‘कोल्हापूर-बेळगाव-गोवा पट्ट्यात गर्दी आहे, म्हणून संघ टिकेल’ हेही बघू. गर्दी आहे, कबूल. कोल्हापुरात पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा तालमींचा सामना असला की शाहू स्टेडियमला बघायला जा. पण त्या कोल्हापुराला, सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव देणाऱ्या गावाला, आयएसएल संघ नाही. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी हे चारही २०१५ ते २०१९ या काळात गुंडाळले किंवा हलवले गेले. गोव्यात धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. गर्दीने क्लबचे पगार भागत नाहीत.

राहिलं मराठी म्हणून डावलल्याचं. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करायलाच हवं. राज्याचं फुटबॉल बेंगळुरूत अडकलंय. वरच्या दर्जाची सुपर डिव्हिजन लीग बेंगळुरूची, मैदानं तिथली, बघणारे निवडकर्ते तिथले. बेळगावच्या क्लबला वर जायचं तर पाचशे किलोमीटर जाऊन खेळावं लागणार. अठरा खेळाडू आणि चार माणसं वर, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, एक मुक्काम, जेवण. माणशी अडीच हजार धरले तर एका सामन्याला पंचावन्न हजार, दहा सामन्यांना साडेपाच लाख. कॅम्पातल्या कुठल्या क्लबकडे एवढे आहेत?

पण हा मार हुबळीला बसतो, धारवाडला, म्हैसूरला, मंगळूरलाही. तिथे कोण मराठी आहे? २०२३ च्या मार्चमध्ये कर्नाटकाने रियाधमध्ये मेघालयाला ३-२ ने हरवून चोपन्न वर्षांनी राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी जिंकली, त्याचाही फायदा जिल्ह्यांपर्यंत झिरपला नाही. सीमाभागाच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि खऱ्या आहेत. ही त्यातली नाही, आणि ती पुढे करून कुणी चाचणीची फी गोळा करत असेल तर जास्तच राग येतो.

लहान गावाला जमतच नाही असंही नाही. आयझॉलची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या आत होती, बेळगावची पाच लाखांच्या जवळ. आयझॉल एफसीने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. पण तिथे आधी काय झालं? मिझोरमच्या फुटबॉल संघटनेने २०१२ मध्ये मिझोरम प्रीमियर लीग सुरू केली, आणि ती स्थानिक केबल वाहिनीवर दाखवली गेली. पोरं घरबसल्या आपल्याच गल्लीचा खेळाडू बघत मोठी झाली.

तेव्हा ग्रुपवर मागणीच फिरवायची असेल तर राज्य संघटनेकडे ही फिरवा: बेळगाव, हुबळी, धारवाड, कारवार यांची मिळून उत्तर विभाग लीग, सामने आळीपाळीने या शहरांत, आणि पहिल्या दोन क्लबांनाच अंतिम फेरीला बेंगळुरूत बोलवा. साडेपाच लाखांचा खर्च दीड-दोन लाखांवर येईल. जिल्हा संघटनेकडे आणखी एक मागा: एक मैदान, फक्त फुटबॉलचं, वाळूमिश्रित थराचं, खाली खडी आणि निचऱ्याचे पाइप घातलेलं, म्हणजे जून ते सप्टेंबर चिखलात जाणार नाही. याला फी नाही, क्यूआर कोड नाही, आणि कुणाचा आधारही लागत नाही.