ड्रामा कशाला बघायचा, पिक्चर आहे की

सगळ्यात आधी, ड्रामा, म्हणजे जपान-कोरिया-चीनकडच्या टीव्ही सिरियली, बघायच्या फंदात पडू नका. जपानी असेल तर दहा-अकरा भाग, कोरियन असेल तर सोळा आणि एकेक तासभराचा, चिनी असेल तर विचारूच नका. कोणाला आहे एवढा वेळ? त्याच ड्रामाचा दोन तासांचा पिक्चर लावा, आवडला नाही की मूळ ड्रामाच टुकार असणार असं ठरवून टाका आणि ज्याने तो रात्री तीन-तीनपर्यंत जागून संपवलाय त्यालाच जाऊन ऐकवा. तो आधी गप्प होईल, मग तुमच्याशी बोलणंच सोडेल. म्हणजे जिंकलात तुम्ही.

सुरुवात 'हाना योरी दांगो'पासून करा. योको कामिओची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, त्यावर तैवानने २००१ मध्ये 'मीटिअर गार्डन' काढली, जपानने २००५ ला स्वतःचा ड्रामा केला, २००७ ला दुसरा सीझन, २००९ ला कोरियाचा 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स', आणि कोणाचं मन भरलं नव्हतं म्हणून २०१८ ला चीनने परत ४९ भाग केले. तीच गरीब पोरगी, तोच माजोरडा श्रीमंत पोरगा, आणि आमच्यासारखे येडे दरवेळी नव्याने बघतात. तुम्ही डायरेक्ट जपानचा २००८ चा 'फायनल' हा पिक्चर लावा.

जपानी ड्रामात होतं काय तर तो श्रीमंत पोरगा दोम्योजी त्या गरीब त्सुकुशीला भेटायला बोलावतो, ते पण अशा टोनमध्ये की हे आमंत्रण आहे की धमकी तेच कळू नये. ती ठरवते, जायचं नाही. पण मग जिवाला घोर लागतो ना, की समजा तो खरंच येऊन थांबला असेल तर? आणि तो थांबलेला असतो. टोकियोतल्या एबिसूला, तासन्‌तास. बस, एवढंच. एक माणूस वाट बघतोय आणि आपण इकडे उशी आवळून बसलोय. आता हा काय सीन झाला का? पिक्चरमध्ये बघा, मौल्यवान टिआरा चोरीला जातो, मग लास वेगास, मग हाँगकाँग, मग दोघं एका निर्जन बेटावर, आणि शेवटी कळतं की हा सगळा खटाटोप घरच्यांनीच घडवून आणलेला होता. ह्याला म्हणतात बजेट. पोराचं पोरीवर प्रेम आहे हे दाखवायला ड्रामाला एक चौक पुरला होता, बिचाऱ्याकडे पैसे नसतील.

पिक्चर 'मोठा' झालाय हे पासपोर्टवरून ओळखायचं. 'हिरो' घ्या, २००१ चा जपानी ड्रामा. त्यात किमुरा ताकुया जीन्स घालून फिरणारा सरकारी वकील, टीव्हीवर बघून भलभलत्या वस्तू मागवायचं वेड असलेला, आणि ऑफिसातली मंडळी संध्याकाळी ज्या बारमध्ये बसतात तिथला मालक कोणी काहीही मागितलं तरी चेहऱ्यावरची रेष न हलवता फक्त म्हणतो, "आहे." इतकंच. तिसऱ्या-चौथ्या भागापासून तो तोंड उघडायच्या आधीच आपण हसायला लागतो. २००७ च्या पिक्चरमध्ये साहेब पुराव्याची गाडी शोधत कोरियातल्या बुसानला जातात. साहजिक आहे, ऑफिसात बसून कुठे पिक्चर होतो.

(खरं कारण सांगू का, कोणाला बोलू नका. गोष्ट तर टीव्हीवरच संपलेली असते, तीन महिन्यांत, दर आठवड्याला एक भाग करत. चॅनेलला मात्र ती संपवायची नसते, कारण पिक्चरमध्ये पैसा त्यांचाच असतो आणि जाहिरात करायला स्वतःचं चॅनेल आहेच. मग उरलेल्या माणसांना विमानात बसवण्याशिवाय लेखक तरी काय करणार.)

'कोदोकु नो गुरुमे' या जपानी सिरियलमध्ये तर २०१२ पासून एक मध्यमवयीन माणूस एकटा जेवतो. संपलं कथानक. २०२५ मध्ये पिक्चर आला, मुख्य नट युताका मात्सुशिगेनेच डायरेक्ट केलेला, आणि त्यात जेवायला पॅरिस आणि कोरिया.

घाईत असाल तर 'टेन माइल्स ऑफ पीच ब्लॉसम्स' ही चिनी कादंबरी आहेच. तिची सिरियल ५८ भागांची आणि पिक्चर साधारण पावणेदोन तासांचा, दोन्ही एकाच वर्षी, २०१७ ला आले. हजारो वर्षांचं प्रेम, जन्मोजन्मीचा विरह, सगळं तुमची कॉफी गार व्हायच्या आत.

एका नावापासून मात्र लांब राहा, 'ओदोरु दाइसोसासेन'. १९९७ चा पोलिसांचा ड्रामा, ज्यात गुन्हेगारांपेक्षा वरिष्ठांचाच त्रास जास्त. त्याच्या २००३ च्या दुसऱ्या पिक्चरने १७३५ कोटी येन कमावले आणि जपानी लाइव्ह-ॲक्शन पिक्चरमधला तो विक्रम वीसेक वर्षं कोणाला मोडता आला नाही. हे लोक परदेशी पळाले नाहीत, आपल्याच ठाण्याच्या हद्दीत राहिले. समोरच्याने हे नाव काढलंच तर लगेच विषय बदला, नाहीतर तुमची सगळी थिअरी झोपेल.

आणि 'हिरो'चा पिक्चर बघताना तो बारवाला "आहे" म्हणाला आणि शेजारचा खो खो हसला, तर मान वळवून विचारा, "यात काय एवढं हसण्यासारखं?" तो बिचारा पहिल्या भागापासून सांगायला लागेल. तेव्हा घड्याळ बघा.