पिल्लाचं पोट आणि घरातले तज्ज्ञ

कुत्र्याच्या पिल्लाचं पोट बिघडलं की घरात बोलायला एकच विषय उरतो आणि तो हमखास जेवतानाच निघतो. “सकाळी कशी केली?” “बरी होती. दुपारी मात्र जरा…” पुढचं वाक्य हाताने करून दाखवलं जातं. समोर पाहुणे बसलेले असले तरी कोणाला काही वाटत नाही. पाहुण्यांना वाटतं.

हातवारे टाळायचे असतील तर आकड्यांत बोलावं. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे शीचा एक तक्ता असतो, १ ते ७. १ म्हणजे सुट्या, कडक गोळ्या. ७ म्हणजे पाणी; त्याला आकार नसतो, फक्त विस्तार असतो. सगळ्यात चांगला नंबर २: घट्ट पण कडक नाही, उचलताना मोडत नाही, मागे डाग जवळजवळ राहत नाही. ३ चालतो. ४ उचलली की आकार सोडते आणि मग फरशी पुसावी लागते, ५ चा नुसता ढीग, ६ ला तोही धड नाही. दुसऱ्या नंबराला एवढा मान बाकी कुठल्या परीक्षेत मिळत नसेल. रोजचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवावा, कारण “गेल्या आठवड्यापेक्षा बरं आहे” यावर घरात कधीच एकमत होत नाही. फोटोही काढावा, डॉक्टर मागतात. तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार नाही एवढं बघावं.

आता खाणं. शी पातळ झाली की पहिला संशय खाण्यावर जातो आणि त्याच संध्याकाळी घरात नव्या खाण्याची पिशवी येते. मला विचाराल तर हे बरेचदा चोर सोडून संन्याशाला फाशी देणं असतं. गोलजंत पिल्लू आईच्या पोटातूनच घेऊन येतं, शिवाय दुधातूनही मिळतात, त्यामुळे “आमचं पिल्लू अजून बाहेर गेलेलंच नाही” हा बचाव चालत नाही. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, पिल्लू ८ आठवड्यांचं झाल्यावर ६ महिन्यांपर्यंत दर महिन्याला, असा साधारण शिरस्ता आहे. तो पाळूनही जिआर्डिया नावाचा एकपेशीय जीव मागे राहू शकतो. त्याच्या पुटी, म्हणजे कवचात बंद झालेले जीव, शीतून रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून एका दिवसाच्या तपासणीत काही सापडलं नाही तरी तो निर्दोष सुटत नाही. डॉक्टर तीन दिवसांचे नमुने मागतात ते यासाठी. नमुना ताजा हवा, घट्ट झाकणाच्या डबीत हवा आणि लगेच पोचवता येणार नसेल तर फ्रिजमध्ये हवा. यातला शेवटचा मुद्दा घरात कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. डबीवर नाव मात्र ठळक लिहावं.

एवढ्या भागापुरती थट्टा बाजूला. पिल्लू उलट्या करतंय, शीत रक्त आहे किंवा शी काळीकुट्ट आणि चिकट आहे, पिल्लू निपचित पडलंय, पाणीही पीत नाही, यातलं काहीही दिसलं तर खाणं निवडत बसू नये; उठावं आणि डॉक्टर गाठावा. लसीकरण पुरं न झालेल्या पिल्लात हा पार्व्हो नावाचा जीवघेणा विषाणू असू शकतो आणि त्यात दिवस नाही, तास मोजतात. लशींची मालिका १६ आठवड्यांचं किंवा त्याहून मोठं होईपर्यंत चालते, त्यामुळे एक-दोन सुया झाल्या म्हणून निर्धास्त होऊ नये. घरी करता येण्यासारखी तपासणी हिरडीची: ओलसर आणि गुलाबी हवी, बोटाने दाबून सोडल्यावर उमटलेला पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी बोटाला चिकटली तर शरीरात पाणी कमी पडलंय. माणसांच्या कपाटातलं जुलाब थांबवायचं औषध देऊ नये. त्यातलं लोपेरामाइड कोली जातीच्या कुत्र्यांत आणि तिच्या नात्यातल्या काही कुत्र्यांत जनुकातल्या दोषामुळे थेट मेंदूपर्यंत पोचतं. आणि “एक दिवस उपाशी ठेवा, पोट आपोआप बसेल” हा सल्ला लहान पिल्लाला लावायचा नाही, कारण त्याच्या रक्तातली साखर लवकर घसरते.

उलट पिल्लू खेळतंय, वजन वाढतंय, भूक राक्षसी आहे आणि शी तेवढी ४-५ मध्ये अडकली आहे, अशा वेळी पिशवीच्या आधी वाटीकडे बघावं. जास्त खाणं हे पातळ शीचं इतकं साधं कारण आहे की ते कोणालाच पटत नाही. पिशवीच्या मागच्या तक्त्यातला आकडा दिवसभराचा असतो. तो एका वेळचा समजून दिवसातून चारदा वाढणारी प्रेमळ घरं आहेत. शिवाय ‘कप’ हे माप प्रत्येक घरात वेगळं, आणि कप भरणाऱ्याच्या मायेनुसार शीगही वेगळी. म्हणून वजनकाटा घ्यावा आणि ग्रॅममध्ये बोलावं.

हिशेब अवघड नाही. पिल्लाच्या वजनाचा आकडा तीनदा घेऊन गुणाकार करायचा आणि कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं. ५ किलोचं पिल्लू: ५ गुणिले ५ गुणिले ५ म्हणजे १२५, एकदा वर्गमूळ ११.१८, दुसऱ्यांदा ३.३४. याला ७० ने गुणलं की २३४ किलोकॅलरी, ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. पिल्लू पडून राहत नाही, म्हणून चार महिन्यांच्या आत याच्या तिप्पट आणि त्यानंतर दुप्पट धरतात. म्हणजे पाच महिन्यांच्या, ५ किलोच्या पिल्लाला साधारण ४६८. पिशवीवर १०० ग्रॅमला ३७५ किलोकॅलरी लिहिलं असेल तर दिवसाला १२५ ग्रॅम, तीन वेळा विभागून प्रत्येकी जेमतेम ४२. हा सुरुवातीचा अंदाज. पुढे दर आठवड्याला वजन करून आणि बरगड्यांवरून हात फिरवून कमीजास्त करायचं. बरगड्या हाताला लागाव्यात, लांबून मोजता येऊ नयेत.

४२ ग्रॅम दाणे वाडग्यात पडले की घरात सुतकी शांतता पसरते. “एवढंसंच?” पिल्लू दहा सेकंदांत वाडगा चाटून पुसून वर बघतं. त्या बघण्यात जन्मोजन्मीची उपासमार असते. मग आजोबा चहाबरोबर अर्धं बिस्किट देतात, धाकटी हातातला चीजचा तुकडा ‘चुकून’ पाडते, आणि कोणीतरी थोरलं माणूस येऊन वाटीभर दूध पाजतं, पोटाला थंड म्हणून. दूध सुटलं की पिल्लाच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि कॅलेंडरवर ६ लागतो. चौकशी केली तर सगळ्यांचे कानांवर हात. वरचा खाऊ द्यायचाच तर दिवसाच्या कॅलरीच्या एक दशांशात, म्हणजे आपल्या हिशेबात ४७ मध्ये, आणि तेवढे दाणे वाडग्यातून वजा करून. याहून सोपी युक्ती म्हणजे सकाळीच १२ ग्रॅम दाणे एका डबीत काढून ठेवायचे आणि लाड करायचे ते त्यातूनच. पिल्लाला फरक कळत नाही. आजोबांना कळतो.

जंत नाहीत, माप बरोबर आहे, लाड आवरले आहेत आणि तरीही नंबर हलत नाही, तेव्हा खुशाल नवं खाणं बघावं. पिशवीची पुढची बाजू वाचूच नये. तिथे लांडगा असतो, डोंगर असतो आणि ‘प्रीमियम’ असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते, शिजवण्याआधीच्या वजनाच्या उतरत्या क्रमाने. यातली मेख अशी की ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे पहिल्या नंबरवरचं चिकन वाळल्यावर बरंच खाली घसरतं. तांदूळ, तांदळाचं पीठ आणि तांदळाचा कोंडा अशा तीन ओळी दिसल्या की समजावं, एकत्र लिहिलं असतं तर तांदूळच पहिला आला असता. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रकांच्या आफ्को या संस्थेच्या नियमांनुसार ‘चिकनसह’ असं नाव द्यायला ३ टक्के चिकन पुरतं, आणि नुसतं ‘चिकन फ्लेवर’ असेल तर चव ओळखू येण्यापुरतं.

ओल्या आणि कोरड्या खाण्याची तुलना पाणी वजा करूनच करावी. डब्यातल्या खाण्यात ८ टक्के प्रथिनं आणि ७८ टक्के पाणी असेल तर कोरड्या हिशेबात ती ३६ टक्के होतात. २६ टक्के प्रथिनं आणि १० टक्के पाणी असलेले दाणे २९ वर थांबतात. पिल्लाच्या खाण्यात हा कोरडा आकडा किमान २२.५ हवा. त्याहून महत्त्वाचं वाक्य म्हणजे हे खाणं ‘वाढीच्या वयासाठी’ किंवा ‘सर्व वयांसाठी’ परिपूर्ण आहे. पोट हळवं म्हणून मोठ्या कुत्र्यांचं कमी चरबीचं पथ्याचं खाणं पिल्लाला घालण्याचा मोह होतो, पण वर ते वाक्य नसेल तर पोट सुधारता सुधारता हाडं मार खातील. पुढे ३२ किलोच्या वर जाणाऱ्या जातींचं पिल्लू असेल तर त्यांच्या वाढीचा वेगळा उल्लेख शोधावा. अशा खाण्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा १.८ टक्के असते. लहानपणी जादा कॅल्शियम नाकारणं त्यांच्या आतड्याला जमत नाही, म्हणून वरून कॅल्शियमची पावडर तर मुळीच घालू नये.

हळव्या पोटाला पचायला सोपं, बेताच्या चरबीचं, प्राणिज प्रथिनांचा एकच ओळखीचा स्रोत असलेलं आणि थोडे विरघळणारे तंतू असलेलं खाणं बघावं. ‘धान्यमुक्त’ या शब्दावर भाळू नये. ॲलर्जीच्या यादीत गोमांस, दुधाचे पदार्थ आणि चिकन गव्हाच्या वर बसलेले आहेत. शिवाय डाळी-वाटाणे भरलेल्या धान्यमुक्त खाण्याचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्याने २०१८ मध्ये सुरू केली होती. ॲलर्जीचा संशय खरंच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रोलाइज्ड खाणं: त्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराच्या पहारेकऱ्यांना ओळखच पटत नाही. पोटाच्या तक्रारीत फरक पडायचा तर साधारण दोन आठवड्यांत दिसतो. तेवढे दिवस बाकी काही म्हणजे काही द्यायचं नाही, चवदार जंताची गोळीसुद्धा विचारून. इथे पुन्हा आजोबा.

आणि आता पिशवी फोडून वाडगा भरायचा नाही. आतड्यातले जिवाणू खानावळीच्या जुन्या सभासदांसारखे असतात, ताट एकाएकी बदललं की दंगा ठरलेला. साधं पोट ७ दिवसांत जुळवून घेतं, बिघडलेल्याला १० ते १४ द्यावेत. आपल्या १२५ ग्रॅममध्ये पहिले तीन दिवस जुनं ९४ आणि नवं ३१, मग निम्मं-निम्मं, मग उलट, मग सगळं नवं. नव्या खाण्याची ऊर्जा वेगळी असते हे विसरायला होतं: त्यात १०० ग्रॅमला ४१० किलोकॅलरी असतील तर शेवटचा आकडा १२५ राहत नाही, ११४ होतो. नंबर ५ वर गेला तर एक पायरी मागे येऊन दोन-तीन दिवस तिथेच थांबावं. ६-७ वर गेला तर डॉक्टरांना फोन. काही पिल्लं जुने दाणे चाटून बाजूला थुंकतात आणि फक्त नवे वेचतात. त्यांच्यासाठी कोमट पाणी घालून दहा मिनिटं मुरवावं, म्हणजे वेचण्यासारखं काही उरत नाही. याच काळात प्रोबायोटिक (उपकारक जिवाणूंची पूड), भोपळा आणि कोणा ओळखीच्याने सांगितलेली पावडर एकदम सुरू केली तर पोट बरं होईलही, पण कशाने ते देवालाही सांगता येणार नाही. एका वेळी एकच बदल.

जुलाब जोरात असताना डॉक्टर उकडलेलं चिकन आणि भात सांगतात: एक भाग चिकन, दोन भाग मऊ भात, कातडी नाही, हाड नाही, मीठ-तेल नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. हे दोन-चार दिवसांचं पथ्य आहे. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, त्यामुळे “बघा किती आवडीने खातंय” म्हणून महिनाभर चालवू नये. एकदा ती चव लागली की पिल्लू दाण्यांकडे ज्या नजरेने बघतं, ती नजर सहन करायची तयारी ठेवावी. वाडगा पंधरा मिनिटं ठेवून उचलायचा. ठणठणीत पिल्लू पुढच्या वेळेला खातं. आजारातून नुकतंच उठलेलं किंवा अगदी लहान असेल तर ही हुज्जत घालू नये.

सूत जमलेलं खाणं सापडलं की मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून लगेच आणू नये. उघडलेल्या पिशवीतली चरबी हवेने खवट होते. साधारण सहा आठवड्यांत संपेल एवढीच घ्यावी आणि दाणे डब्यात न ओतता पिशवीसकट डब्यात ठेवावेत. बॅच नंबराचा फोटो काढावा. तो शीच्या फोटोंच्या रांगेत गेला तर शोधायला वेळ लागतो. आणि पुढची पिशवी जुन्यातलं पाऊण किलो शिल्लक असतानाच आणावी. कारण कधीतरी तिच्यावर ‘नवीन, सुधारित’ असा तिरपा लाल पट्टा येतो. मग दोन्ही पिशव्यांच्या मागच्या याद्या शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडायच्या, आणि फरक दिसला की वजनकाटा काढून पुन्हा ९४ आणि ३१.