हॅरोकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार हॅरोकर,

लीग्रेव्हमधल्या घरावरच्या माझ्या लेखाखाली आपण एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. उत्तर तिथल्या चौकटीत मावेना, म्हणून स्वतंत्र टाकतोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लंडनच्या उत्तरेला असलेल्या लूटन गावाच्या लीग्रेव्ह भागात घर घेणं आम्हाला कसं परवडलं आणि तिथून लंडनची नोकरी कशी जमते, एवढंच मी लिहिलं होतं. आपलं म्हणणं असं, की मी आगगाडीचा खर्च लपवला, शाळांचा विषय टाळला, विमानांचा आवाज आणि पार्किंगचे हाल गाळले, आणि 'तिथली वस्ती कशी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे'. मग शेवटी हे वाक्य: 'लूटनला राहून लंडनच्या गप्पा मारणं म्हणजे कल्याणला राहून आम्ही मुंबईचे म्हणण्यासारखं आहे. परवडत नाही हे सरळ सांगावं, त्याला शहाणपणाचा मुलामा कशाला?'

पार्किंगचं म्हणणं एकदम मान्य. आमची घरं दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली, रस्ता तेव्हाच्या मोटारींना पुरेल एवढाच. आता घरटी दोन गाड्या आहेत, त्यातली एक अर्धी फुटपाथवर चढवलेली असते आणि बाबागाडी घेऊन जाणारी बाई रस्त्यावर उतरते. वाईट दिसतं, वाईट आहे. मी योग्य टीका मनाला लावून घेत नाही, हे यावरून दिसावं.

आता त्या वाक्याकडे येतो.

मी कल्याणचा आहे. ब्लॉगवरच्या माझ्या ओळखीत पहिल्याच ओळीत ते लिहिलंय, पण प्रतिक्रिया द्यायच्या घाईत ओळख कोण वाचतं! माझे वडील नोकरीची सगळी वर्षं कल्याणहून व्हीटीला गेले (स्टेशनचं नाव दोनदा बदललं, त्यांच्या तोंडी व्हीटीच राहिलं). त्यांना 'तुम्ही कुठले?' असं विचारलं की उत्तर 'कल्याणचा' एवढंच येई. 'मुंबईजवळचा' असंसुद्धा नाही. आमच्या पारनाक्यावर आम्ही मुंबईचे म्हणवून घेणारा एक माणूस मला दाखवा. कान्हेरीच्या लेण्यांतले शिलालेख वाचलेत तर कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं तिथे कोरलेली सापडतील. कल्याण बंदर म्हणून नावारूपाला आलं होतं तेव्हा मुंबई म्हणजे सात बेटं आणि मधली खाजणं होती. आगगाडी आमच्याकडे 1854 साली आली, बोरीबंदर–ठाणे सुरू झाल्यावर जेमतेम वर्षभरात. तेव्हा मुंबईच्या मागे धावणाऱ्या गावाचं उदाहरण हवं असेल तर दुसरं शोधा.

आणि योगायोग बघा, अंतरसुद्धा जवळपास तेच आहे. कल्याण ते सीएसएमटी 54 किलोमीटर, लीग्रेव्ह ते लंडनचं सेंट पॅन्क्रस स्टेशन त्याच्याच आसपास. फरक असा, की माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षं एका हाताने कडी धरून पेपर वाचला आणि मी बसून जातो. बेडफर्डहून येणारी सकाळची गाडी लीग्रेव्हला बऱ्यापैकी रिकामी असते. पुढे लूटन, लूटन एअरपोर्ट पार्कवे, मग हार्पेंडेन आणि सेंट ऑल्बन्स. या शेवटच्या दोन गावांत घरांच्या किमती आमच्यापेक्षा कितीतरी वर. तिथली मंडळी चढतात आणि उभी राहतात. मला त्यात आसुरी आनंद होतो, हेही कबूल करून टाकतो. लंडनमध्ये फॅरिंग्डनला उतरलं की समोर शहराच्या आरपार जाणारी एलिझाबेथ लाइन, 2022 पासून. त्यामुळे 'लंडनच्या गप्पा' हा शब्दप्रयोग मला समजला नाही. मी तिथे काम करतो, जेवतो, कर भरतो. गप्पा मारायला वेळ कुठे मिळतो?

दुसरं म्हणजे 'परवडत नाही हे सरळ सांगावं'. मी सरळच सांगितलं होतं, लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात! लंडनमध्ये आमच्या पैशांत दोन खोल्यांचा लीजवरचा फ्लॅट येत होता, वर दरवर्षी वाढत जाणारा सर्व्हिस चार्ज. लीग्रेव्हला त्याच पैशांत तीन बेडरूमचं, एका बाजूची भिंत सामाईक असलेलं, जमिनीसकट मालकीचं घर मिळालं आणि मागे बाग. यात मुलामा कसला?

पण आपण लंडनच्या वायव्य टोकाच्या हॅरोचे, म्हणून हॅरोबद्दलच थोडं बोलू. मेट्रोपॉलिटन रेल्वे हॅरोला पोचली 1880 मध्ये. त्याच कंपनीने 1915 पासून 'मेट्रो-लँड' या नावाने जाहिराती काढल्या: शहरातल्या कारकुनांनो, गर्दी आणि भाडं सोडून इकडे या, हिरवळीत घर घ्या, आमच्या गाडीने कामावर जा. कंपनीकडे जादा जमिनी होत्या, तिने त्यांवर वसाहती उठवल्या आणि तिकिटाचं गिऱ्हाईक स्वतःच तयार केलं. आज तुम्ही ज्या छापाच्या घरांत राहता ती बहुतेक याच धंद्यातून किंवा त्याच्या नकलेतून उभी राहिली. एवढंच नाही, 1965 पर्यंत हॅरो लंडनमध्ये नव्हतंच, मिडलसेक्स परगण्यात होतं. म्हणजे लंडनमधलं घर परवडेना म्हणून गाडीच्या रेषेवर बाहेर सरकलेल्या माणसांनी तुमचं उपनगर भरलं, आणि त्यांचेच वारस आता आम्हाला विचारतात की एवढ्या लांब कशाला गेलात. माझा दोष इतकाच, की मी काही दशकं उशिरा आलो आणि मला पुढच्या स्टेशनावर उतरावं लागलं.

बरं, हॅरोवाले एकमेकांना तरी 'हॅम्पस्टेडसारखी लंडनची महागडी वस्ती परवडत नाही हे सरळ सांगा' असं म्हणतात का?

तुमच्या वाक्यात आणखी एक गृहीतक आहे, की लूटन म्हणजे लंडनच्या मागे लोंबणारं काहीतरी. इथे टोप्या बनत होत्या, अजूनही फुटबॉल क्लबला 'हॅटर्स' (टोपीवाले) म्हणतात. वॉक्सहॉल ही मोटारींची कंपनी 1905 साली लंडन सोडून इकडे आली, म्हणजे लंडन परवडेना किंवा पुरेना म्हणून लूटनला येणारा मी काही पहिला नव्हे. तिचा इथला कारखाना 2025च्या मार्चमध्ये बंद झाला आणि त्याचं दुःख गावात अजून ताजं आहे. लोक इथे फक्त झोपायला येतात असं म्हणणाऱ्याने ज्यांची घरं त्या कारखान्यावर चालली त्यांच्यासमोर हे एकदा म्हणून बघावं. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या मनात इतकी चीड साठली होती, की 1919च्या शांतता दिनाला इथल्या जमावाने टाऊन हॉल जाळून टाकला. अशा गावात राहून माझाही पारा लवकर चढत असेल, समजून घ्या.

'वस्ती' वगैरे. हे वाक्य मी प्रतिक्रियेतून उडवणार होतो, मुद्दाम ठेवलंय. माझ्या शेजारच्या घराचं मूळ पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचं. मंगला धरणात ज्यांची गावं गेली त्यांतलं. आम्ही सुट्टीला भारतात गेलो की कचऱ्याचा डबा बाहेर काढणं, परत आत घेणं आणि दारातली पत्रं उचलणं न सांगता तेच करतात. लूटनच्या बरी पार्क या बाजारपेठेच्या भागात उन्हाळ्यात चौशा आंब्याच्या पेट्या रचलेल्या असतात, हापूसवाल्यांनी कान बंद करावेत, पण मी दोन-दोन पेट्या आणतो. कोथिंबिरीची जुडी खरोखर जुडी म्हणावी एवढी असते, प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या चार काड्या नव्हेत. हॅरोत तुमचा शेजारी कोण आहे हे मी विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.

बाकीच्या मुद्द्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गाडीचा खर्च: मी आठवड्यातून दोनच दिवस जातो, त्यामुळे वर्षाचा पास काढत नाही, 28 दिवसांत 8 दिवस वापरायचं फ्लेक्सी तिकीट 2021 पासून मिळतं. पाच दिवस जाणाऱ्याने आपला हिशेब आपण करावा, मी कुणाचा मुनीम नाही. विमानं: विमानतळ गावाच्या आग्नेयेला, आम्ही वायव्येला. विस्ताराला मंजुरी मिळाली आहे हे मलाही माहीत आहे, होईल तेव्हा बघू. शाळा: इथे ग्रामर स्कूल (प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा) नाही, बरोबर. त्यावर कधीतरी सवडीने लिहीन.

गणपतीला 'दोन तास धडपडत' यावं लागत असेल, अशी काळजीही तुम्ही व्यक्त केलीत. वेस्ट हॅम्पस्टेडला उतरायचं, भुयारी रेल्वेची जुबिली लाइन पकडायची, तिसरं स्टेशन डॉलिस हिल. महाराष्ट्र मंडळात आरतीला आम्ही वेळेवर असतो. मागच्या वर्षी पार्किंग मिळत नाही म्हणून ज्यांची आरती चुकली ते लोक कुठून आले होते, हे मी इथे लिहीत नाही.

एकदा प्रत्यक्ष येऊन बघा, मनापासून बोलावतोय. लीग्रेव्ह मार्शमध्ये ली नदी उगम पावते, तिथपर्यंत चालत जाऊ, नंतर घरी जेवायलाच थांबा. फक्त आगगाडीने येणार असाल तर रविवार टाळा. रविवारी रुळांची कामं निघतात, मध्येच उतरवून बसमध्ये कोंबतात, आणि मग त्यावर तुमची आणखी एक प्रतिक्रिया येईल.